आडव्या ट्यूबमधली उभी रेषा

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाने अमेरिकेतून कायमचे परत येताना ‘गॅलागा’ या आर्केड व्हिडिओ गेमचे जुने कॅबिनेट सामानाबरोबर नाशिकला आणले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून ते वर्षभर चालले. मग चित्राच्या कडा लाटेसारख्या हलू लागल्या. गेल्या महिन्यात खेळ चालू असतानाच सगळे चित्र मिटले आणि पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक लखलखीत उभी रेषा उरली. आवाज येतो, बटणेही चालतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने ‘हॉरिझॉन्टलचे योक गेले, आता मिळणार नाही, एलसीडी बसवा’ असे सांगितले. मॉनिटरवर ‘इलेक्ट्रोहोम जी०७’ असे लिहिलेले आहे. शिवाय एका कोपऱ्यातला जांभळट डाग येथे आणल्यापासूनच आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम कॅबिनेट बंद ठेवावे. संपूर्ण पडद्यावर पसरायचा प्रकाश एका रेषेत साचला की तेथील फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) थोड्याच वेळात जळतो आणि तो व्रण पुढे कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

मेकॅनिकने जे पाहिले ते टीव्हीच्या सवयीने पाहिले. योक म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या, इलेक्ट्रॉनांचा झोत वळवणाऱ्या तारांच्या गुंडाळ्या; हॉरिझॉन्टल सेक्शन ट्यूबच्या हिशेबाने झोत आडवा पसरवतो आणि व्हर्टिकल उभा. १९८१ मध्ये नाम्कोने काढलेला ‘गॅलागा’ हा उभ्या चित्राचा खेळ असल्यामुळे त्याच्या कॅबिनेटमध्ये १९ इंची मॉनिटर कुशीवर वळवून बसवलेला असतो. म्हणजेच आपल्याला उभी दिसणारी रेषा ट्यूबच्या हिशेबाने आडवी आहे, आणि आडवी रेषा म्हणजे व्हर्टिकल सेक्शन बंद पडल्याची खूण, हे कोणताही जुना टीव्ही मेकॅनिक झोपेतसुद्धा सांगेल. रेषा उजळ आहे याचा अर्थ पिक्चर ट्यूब शाबूत आहे. ट्यूबला लागणारा वीसएक हजार व्होल्टचा दाब हॉरिझॉन्टल सेक्शनच फ्लायबॅकमधून, म्हणजे आपल्याकडे ज्याला ईएचटी म्हणतात त्यातून, तयार करतो. तेव्हा तोही चालू आहे. खेळाच्या बोर्डावर संशय घेण्याचे कारण नाही, कारण बोर्डाकडून येणारा सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणारा इशारा, तुटला तर चित्र घसरते किंवा फिरते, त्याची रेषा होत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक धोका समजून घ्यावा. या मॉनिटरची चॅसी, म्हणजे त्याचा सर्किट बोर्ड व सांगाडा, मुख्य विजेपासून स्वतः विलग नसते. ते काम कॅबिनेटमधील आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. बाजारात मिळणारे बरेचसे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण विलग करत नाहीत. म्हणून मॉनिटर बाहेर काढून, टेबलावर ठेवून थेट त्या ट्रान्सफॉर्मरला जोडला, तर चॅसीला लागलेला हात हा शेवटचा ठरू शकतो. वीज काढल्यावरही ट्यूब कंडेन्सरसारखी भारित राहते. तिच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या तारेच्या वेणीला वायरची क्लिप लावावी, वायरचे दुसरे टोक चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला जोडावे आणि त्याचे टोक ट्यूबवरील रबरी टोपीखाली सरकवून भार काढावा; काही मिनिटांनी तेच पुन्हा करावे. ट्यूबच्या बारीक मानेला धक्का लागू देऊ नये, कारण ती तडकली की आतली निर्वात पोकळी गेली आणि ट्यूबही गेली. ज्यांनी कधी पिक्चर ट्यूबचे काम केलेले नाही त्यांनी हे केवळ वाचून करू नये, जाणकारालाच बोलवावे.

आता प्रत्यक्ष दोष. माझा पहिला संशय ड्राय सोल्डरवर, म्हणजे तडकून सैल झालेल्या सोल्डरच्या जोडावर, आहे. योकच्या वायरी चॅसीवरील ज्या पिनांना जोडतात, त्या पिनांभोवती उष्णतेने व हादऱ्यांनी बारीक गोल भेग पडते, आणि या कॅबिनेटने तर समुद्रप्रवासही केलेला असावा. भिंगातून पाहावे, भेग दिसो न दिसो, त्या पिनांवरचे जुने सोल्डर काढून नवे लावावे. वीज पूर्ण काढलेली असताना, प्लग सोडवून योकच्या दोन्ही गुंडाळ्या मल्टीमीटरने मोजाव्यात. दोन्हींत काही ओहम दिसले तर ‘योक जळले’ हा निष्कर्ष बाजूला ठेवता येईल. त्यानंतर व्हर्टिकलचे दोन आउटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. एक गेलेला आढळला तरी दोन्ही बदलावेत आणि त्यांच्याखालील इन्सुलेटरची चकती परत बसवायला विसरू नये.

कडांची लाट ही स्वतंत्र तक्रार आहे. ती बहुधा पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरची आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि चित्रही सेकंदाला साधारण ६० वेळा, त्यामुळे तेथे अशी लाट जवळजवळ जागच्या जागी दिसते. आपल्या ५० हर्ट्झवर ती झपाट्याने सरकते आणि लगेच डोळ्यांत भरते. चॅसी बाहेर निघालीच आहे, तर सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर १०५ अंशांच्या प्रतीचे, ऋण-धन खुणा पाहून, एकदमच बदलून घ्यावेत. चाळीस वर्षांत ते आतून वाळतातच. शेवटी बी-प्लस, म्हणजे पॉवर सप्लायकडून चॅसीला मिळणारे मुख्य डीसी व्होल्टेज, मोजावे. या चॅसीवर ते १२० व्होल्ट असायला हवे.

एलसीडीचा सल्ला मी मानणार नाही. बोर्डाकडून येणारा सिग्नल सुमारे १५ किलोहर्ट्झचा असतो आणि संगणकाचे बहुतेक मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या खाली काही दाखवत नाहीत, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आलाच. त्यातून जे दिसेल तो ‘गॅलागा’ खरा, पण चमक तीच नसेल.

जांभळ्या डागाला मात्र तूर्त हात लावू नये. रंगीत ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा मार्ग पृथ्वीच्या चुंबकत्वानेही किंचित वळतो, आणि त्या चुंबकत्वाचा उभा घटक अमेरिकेपेक्षा आपल्याकडे बराच कमी आहे; त्यामुळे तेथे जुळवलेले रंग येथे कोपऱ्यात चुकू शकतात. चित्र पूर्ववत झाल्यावर बाहेरून डीगॉसिंग कॉइल (ट्यूबमध्ये साचलेले चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी) फिरवून पाहावी. डाग तरीही उरला, तर मानेवरील प्युरिटीच्या, म्हणजे रंग शुद्ध ठेवणाऱ्या, चुंबकी कड्या, मूळ जागेवर रंगाची खूण करून, केसभर फिरवाव्या लागतील.