पाच नव्या लेखकांच्या पाच एकांकिका एकाच संध्याकाळी करायच्या आहेत. सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे द्यावं?

अशा तीन संध्याकाळी मी बॅकस्टेज सांभाळलंय. त्यामुळे हे उत्तर अंधारात टेबल उचलणाऱ्या माणसाचं आहे असं समजा. लक्ष द्या ते दोन एकांकिकांच्या मधल्या अंधाराकडे.

आमच्या पहिल्या खेपेला प्रत्येक दिग्दर्शकाला आपापलं नेपथ्य हवं होतं. कुणाला पलंग, कुणाला खिडकी, एकाला तर चक्क झाड. एकांकिका वीस मिनिटांची आणि मधला बदल बारा मिनिटांचा! तिसऱ्या ब्लॅकआउटला लोकांनी मोबाइल काढले, चौथ्याला बरेच जण उठून गेले. शेवटची एकांकिका त्या रात्रीची सगळ्यात चांगली होती. तिच्या लेखिकेसमोर हा विषय मी अजून काढत नाही.

पुढच्या खेपेला सामान ठरवून टाकलं: चार ठोकळे, एक टेबल, दोन खुर्च्या. पलंग हवा तर ठोकळे जोडा. लाइट्सही सगळ्यांना तेच, शिवाय प्रत्येकी दोन स्पॉट. दिग्दर्शक आठवडाभर फुरंगटून होते, पण बदल दीड मिनिटात व्हायला लागला.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावात 1915 च्या उन्हाळ्यात काही लेखकमंडळींनी स्वतःच लिहिलेल्या दोन एकांकिका एका घरात केल्या. एक व्हरांड्यात, मागे समुद्र. ती संपली तसे प्रेक्षकच फिरून बसले आणि दुसरी त्यांनी दिवाणखान्यात पाहिली. (पुढच्या वर्षी याच मंडळींनी धक्क्यावरच्या एका शेडमध्ये यूजीन ओनील नावाच्या, पुढे मोठा नाटककार झालेल्या नवख्याची एकांकिका केली.)

दुसरं म्हणजे क्रम. पॅरिसमध्ये 1897 साली सुरू झालेलं ग्राँ गिन्योल थिएटर एकाच रात्री भयनाट्य आणि प्रहसन आलटून-पालटून दाखवायचं. हसून सैल झालेला प्रेक्षक जास्त दचकतो. नवे लेखक हमखास मरणावर लिहितात, पाचांतले तीन तरी. ते तिघे पाठोपाठ आले की तिसऱ्याचं मरण कुणाला लागत नाही. आणि सगळ्यात जास्त सामान लागणारी एकांकिका सुरुवातीला किंवा मध्यंतरानंतर लगेच लावा, म्हणजे तिची मांडामांड लोकांना दिसत नाही.

संहितेचं पहिलं वाचन मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. लेखक ‘पंधरा मिनिटांची आहे’ म्हणतो तेव्हा ती त्याने मनातल्या मनात वाचलेली असते. उभी राहिली की पंचवीसवर जाते. वाचन दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कच्च्या जागा आवाजाने झाकून नेतो.

रंगीत तालमीच्या आधी एक तालीम नुसत्या बदलांची घ्या. नट बाजूला बसलेले, दिवे बंद, ठोकळ्यांच्या जागा अंधारात चमकणाऱ्या टेपने आखलेल्या, आणि कोण काय उचलणार याचा कागद विंगेत चिकटवलेला. आम्ही तिसऱ्या खेपेला हे काम लेखकांनाच दिलं. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या एकाही संहितेत पलंग नव्हता.