इटलीत बाळाचं वरचं अन्न: सामानात काय आणायचं?

बाळ सहा महिन्यांचं होण्याच्या सुमारासच तुमचं बोलोन्याला येणं आहे, आणि वर्षभराचं नाचणीसत्त्व बांधून आणू का, असं विचारलंत. एखादा डबा आणा, बास. तूप मात्र बॅगेत टाकू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे. बाळाच्या दुधाची पावडर 2 किलोपर्यंत चालते, तीही सीलबंद आणि फ्रीजशिवाय टिकणारी.

तुपावाचून अडत नाही. इथल्या आया बाळाच्या वाटीत वरून चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल सोडतात. पहिली वाटी बहुतेक घरांत ठरलेली: बटाटा, गाजर, झुकिनी मऊ शिजवायची, त्या पाण्यात तांदळाचं तयार पीठ कालवायचं, तेल, वर किसलेलं पार्मेजान चीज. म्हणजे आपली पेजच की! पार्मेजान चांगलंच खारट असतं, म्हणून मी हात राखून घालते.

पण या वेगळ्या वाटीत फार दिवस अडकू नका. बाळ आधाराने नीट बसत असेल, मान सावरत असेल, तर घरातलंच द्या. सगळी मेख मिठात आहे: भाज्यांचं मिनेस्त्रोने सूप असो वा टोमॅटोचा सॉस, मीठ पडण्याआधी बाळाचा वाटा काढायचा. फुसिली पास्ता नेहमीपेक्षा जास्त शिजवा. पिळांमुळे मुठीतून निसटत नाही. लोहासाठी डाळी हव्यातच. सोललेली लाल मसूर इथल्या सुपरमार्केटात सहज मिळते, वर लिंबू पिळा, लोह चांगलं अंगी लागतं. मासे खात असाल तर काटे काढून द्या, पण स्वोर्डफिश नको, त्यात पारा जास्त. द्राक्षं उभी चिरून चार फाका करून. ऑलिव्ह खारवलेली असतात, ती राहू द्या. आणि आजी कितीही म्हणोत, वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही.

आल्या आल्या सरकारी आरोग्यसेवेत बाळाचं नाव घाला, म्हणजे बालरोगतज्ज्ञ निवडता येतो, तपासणीचे पैसे पडत नाहीत. काही डॉक्टर अजून कुठल्या आठवड्यात काय द्यायचं याचा छापील कागद हातात ठेवतात, काही म्हणतात तुमच्या ताटातलं द्या. तुम्ही शाकाहारी असाल तर पहिल्याच भेटीत सांगा आणि बी12 चं विचारून घ्या, तुमच्यासाठीसुद्धा, कारण अंगावर पाजता आहात. पाळणाघरात घालणार असाल तर तिथला जेवणाचा तक्ता आधीच मागा. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो.