गोल्डिंग्जच्या जागी दुसरे कोणते हॉप्स?

प्रश्न : मी लीड्समध्ये घरी २० लिटर बेस्ट बिटर (इंग्लिश धाटणीची कडवट बिअर) करतो. कृतीत कडवटपणासाठी ४० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरमध्ये घालायची वेलीची सुकी फुले) आणि शेवटी वासासाठी २० ग्रॅम दिले आहेत. चवीत बदल म्हणून या वेळी दोन्हीकडे तेवढेच टार्गेट जातीचे हॉप्स घातले, तर बिअर कडूजहर झाली. फारसे कुणी न वापरणारे इंग्लिश हॉप्स सुचवाल का?

उत्तर : टार्गेट वाईट नाही, वजन चुकले. गोल्डिंग्जमध्ये कडवटपणा देणारे अल्फा आम्ल साधारण ५ टक्के असते, टार्गेटमध्ये ११ च्या आसपास. कडवटपणा दुपटीच्या वर गेला. तासभर उकळायच्या हॉप्सना ग्रॅम गुणिले अल्फा टक्के हा हिशेब लावा. तुमचे ४० × ५ = २००. फर्स्ट गोल्ड या दुसऱ्या जातीच्या पाकिटावर ८ टक्के लिहिले असेल तर २५ ग्रॅम पुरेत. हा आकडा दर हंगामात बदलतो, म्हणून पुस्तकातला नको, पाकिटावरचाच घ्या. शेवटच्या हॉप्सना मात्र हे गणित लावू नका. तिथे वजनाला वजन.

आमची पहिली पसंती ब्रॅमलिंग क्रॉस. केंटमधल्या वाय कॉलेजात प्रा. सॅमन यांनी १९२७ मध्ये केलेल्या संकरातून तो आला. एका बाजूला गोल्डिंग, दुसऱ्या बाजूला कॅनडातल्या मॅनिटोबाचा रानटी वेल. त्या रानटी रक्ताचा ब्लॅककरंटसारखा, किंचित लिंबाळ वास गडद बिटरला आणि पोर्टर या काळपट बिअरला फार शोभतो. फिक्या बिअरमध्ये तो अंगावर येतो, तिथे संत्र्याच्या मुरंब्याची आठवण करून देणारा फर्स्ट गोल्ड बरा. फगल या जुन्या इंग्लिश जातीला मर रोगाने घेरल्यावर पर्याय म्हणून आलेला प्रोग्रेस मऊ आणि किंचित गोडसर. तो कुठेही चालतो, पण त्यातून नवी चव मिळणार नाही.

पहिल्या खेपेला कडवटपणासाठी गोल्डिंग्जच ठेवा आणि फक्त शेवटचे २० ग्रॅम बदला, म्हणजे फरक कशाचा ते कळेल. आच बंद करून वॉर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा) ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्या, मग हॉप्स टाकून झाकण लावा आणि २० मिनिटांनी झटपट थंड करा. उकळत्यात टाकले तर वासाचे तेल वाफेबरोबर जाते. आणि वॉर्ट तासभर गरमच राहिला तर शेवटचे हॉप्सही कडवटपणा वाढवत राहतात. कृती बरोबर असूनही बिअर कडू होते ती बहुधा इथेच.

प्रश्न : स्वस्तात मिळालेल्या प्रोग्रेसला चीजसारखा वास येतो. वापरू का?

उत्तर : नको. हवा लागून अल्फा आम्लाचे विघटन झाले की आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते, त्याचा हा वास. कडवटपणाही घटलेला असतो, त्यामुळे पाकिटावरचा आकडा खोटा ठरतो. इंग्लंडची तोडणी सप्टेंबरमध्ये होते. घेताना हंगामाचे वर्ष बघा. फोडलेले पाकीट हवा काढून बंद करा आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवा.

प्रश्न : हेच पुण्यात करता येईल?

उत्तर : परवान्याशिवाय नाही. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी करणेही गुन्हा आहे.