समुपदेशिका वयाने लहान असेल तर?

प्रश्न : हे गेल्यापासून माझी झोपच उडाली आहे. डॉक्टरांनी समुपदेशिकेकडे पाठवलं, तर ती मुलगी जेमतेम तिशीची! तिला माझं काय कळणार?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काकू, तिशीत मीही अशीच बसायचे, इथेच, राजवाड्याजवळ जिन्याखालच्या एका खोलीत. एका आजींनी सुनेचं गाऱ्हाणं मांडलं आणि पाचव्या मिनिटाला मी उपाय सांगून मोकळी झाले. त्यांनी पदराने चष्मा पुसला, "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. वाचलेलं भरपूर होतं, थांबायचं कळत नव्हतं.

बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे आयुष्यातले अवघड पेच ठेवून शहाणपण तपासलं. प्रौढांमध्ये नुसत्या वयाने फारसा फरक पडलेला दिसला नाही. (माझ्या सासूबाईंना हे पटलं नसतं.) त्यांच्या पाच कसोट्यांपैकी एक मला फार महत्त्वाची वाटते : अनिश्चितता ओळखणं आणि ती पेलणं.

तेव्हा तिचं वय सोडा. बोलता बोलता तुम्ही गप्प झालात की ती घाईने काहीतरी बोलते का, की थांबते, तेवढं दोन-तीन भेटींत बघा. झोपेची गोळी चालू असेल तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.