प्लग-इन हायब्रिडचं लिटरला 50 हे ॲव्हरेज कसं काढतात? फोंडा–पणजी फेरीत खरं किती मिळेल?

तुमचा प्रश्न असा: प्लग-इन हायब्रिडच्या (पेट्रोल इंजिन आणि सॉकेटला लावून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) ब्रोशरमध्ये लिटरला 50 किलोमीटर लिहिलंय, निव्वळ विजेवरही 50 किलोमीटर जाते म्हणतात. फोंडा–पणजी जाऊन-येऊन रोज साधारण 60 किलोमीटर होतात, तर हा आकडा धरून चालावं का? धरू नका. आकडा खोटा नाही, पण गाडी तुम्ही किती वेळा चार्जला लावाल याचा अंदाज त्यात आधीच मिसळलेला असतो.

चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगांनी चालवतात. आपल्याकडचं भारतीय चक्र, म्हणजे वेगांचा हा ठरलेला क्रम, सुमारे 20 मिनिटांचं, कमाल वेग 90, एसी बंद. प्लग-इन गाडीचं मोजमाप दोन अवस्थांत होतं: बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि ती तळाला गेल्यावर. पहिल्या अवस्थेत वेग इतका हळूहळू वाढतो की इंजिन सहसा सुरूच होत नाही, पेट्रोल शून्य. मग दोन्हींची सरासरी. युरोपच्या जुन्या पद्धतीत धरलेलं असे की विजेवरचं अंतर संपलं की माणूस आणखी 25 किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि परत चार्जला लावेल. त्या हिशेबाने पहिले 50 किलोमीटर फुकट, पुढच्या 25 ला दीड लिटर. म्हणजे 75 किलोमीटरला दीड लिटर, झाले लिटरला 50! घरच्या मीटरवर पडलेले युनिट यात कुठेच नाहीत. बॅटरी संपल्यावर हीच गाडी 16-17 देते.

नंतरच्या नव्या चाचणीतही असा अंदाज फारच उदार होता. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये गाड्यांतल्याच नोंदींवरून दाखवलं की प्लग-इन हायब्रिडचा प्रत्यक्षातला कार्बन डायऑक्साइड (जितकं इंधन जळतं तितकाच तो निघतो) चाचणीच्या सरासरी साडेतीनपट आहे. विजेवर 60 किलोमीटर जाणाऱ्या गाडीच्या एकूण अंतरातला विजेवरचा वाटा तिथे आधी 80 टक्क्यांच्या वर धरायचे. नव्या मॉडेलांसाठी 2025 पासून तो 54 वर आणला, पुढचा टप्पा 34 चा. गाडीत काडीचा बदल न होता कागदावरचं ॲव्हरेज घसरतं, ते यामुळे.

आता तुमची फेरी. गोव्याच्या उकाड्यात एसी दीड किलोवॉट सहज खातो. गाडी ताशी 15 ने सरकत असेल, तर 100 किलोमीटरमागे 10 युनिट नुसत्या गारव्याला जातात. मोकळ्या रस्त्यावर 60 च्या वेगाने तेच अडीच. त्यामुळे कोंडीच्या वाटेवर 50 ऐवजी 40 किलोमीटर धरा. रात्री घरीच चार्ज केलं तर रोज 20 किलोमीटर पेट्रोलवर, लिटरला 15 धरून सव्वा लिटरच्या थोडं वर. पणजीत कामाच्या ठिकाणी 15 ॲम्पिअरचा पॉइंट मिळाला तर पेट्रोल जवळजवळ शून्य. चार्ज केलंच नाही तर रोज चार लिटर, वर बॅटरीचं जादा वजन वाहायचं ते वेगळंच. माझ्या मते घेण्या-न घेण्याचा निर्णय त्या एका पॉइंटवर आहे.

टेस्ट ड्राइव्हला बॅटरी तळाला आणलेली गाडी मागा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणून निघा. डीलर बहुतेक वेळा पूर्ण चार्ज केलेली देतात, मग स्क्रीनवर 99 दिसतं आणि कळत काहीच नाही. इंजिनने बॅटरी भरण्याचा मोड बंद ठेवा, नाहीतर ॲव्हरेज विनाकारण खाली दिसेल. घेतल्यानंतर टाकी फुल ते टाकी फुल मोजा, एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला थांबून. युनिट मात्र गाडीच्या स्क्रीनवरून घेऊ नका, सॉकेटला सबमीटर लावा: बॅटरीत 10 युनिट जायला भिंतीतून साडेअकरा-बारा लागतात.

चोर्ला घाटाने बेळगावला जात असाल तर एक लक्षात ठेवा. चढावर पाय दाबला की बॅटरी भरलेली असूनही इंजिन सुरू होतं. आणि येताना माथ्यावर बॅटरी भरलेली असेल तर उतारावर ब्रेकमधून मिळणारी वीज साठवायला जागाच उरत नाही. म्हणून येताना घाटाच्या आधीचा सपाट रस्ता विजेवर काढा.