पिचर बदलला, सामना गेला, मित्रही गेला

प्रश्न : मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. खांदा दुखावल्यामुळे माझं बेसबॉल थांबलं, तेव्हा प्रशिक्षकांनी मला संघाचा मॅनेजर केलं. उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना मी पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) बदलला आणि आम्ही हरलो. तो पिचर माझा जवळचा मित्र. आता बोलत नाही. घरचे म्हणतात, या नादात वर्ष वाया जाईल. मला पुढे व्यवस्थापन शिकायचं आहे, पण नेतृत्व माझ्यात आहे का, हीच शंका वाटू लागली आहे.

उत्तर : आधी त्या पिचरचं बोलू. तुझी शंका तिथूनच आली आहे.

2003 मध्ये बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांच्यापुढे हाच पेच होता. यँकीजविरुद्धचा निर्णायक सातवा सामना, आठवी इनिंग, 5-2 अशी आघाडी आणि दमलेला पिचर पेड्रो मार्टिनेझ. लिटल माउंडवर (पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर) गेले, त्याच्याशी बोलले आणि त्यालाच ठेवलं. बरोबरी झाली, अकराव्या इनिंगमध्ये सामना गेला आणि लिटल यांचा करार पुढे वाढला नाही. 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिथल्या अंतिम मालिकेत, टॅम्पा बे संघाचे मॅनेजर केविन कॅश यांनी नेमकं उलट केलं. 1-0 अशी आघाडी, पिचर ब्लेक स्नेलचे जेमतेम 73 चेंडू झालेले, नऊ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊ फलंदाज त्याने स्वतः बाद केलेले. तरी त्याला काढलं. सामना 3-1 ने गेला, मालिकाही गेली. ठेवला तरी बोल, काढला तरी बोल! पण त्याच फलंदाजांसमोर पिचर तिसऱ्यांदा आला की मार खाण्याची शक्यता वाढते, हा कॅश यांचा हिशेब सामन्याआधीपासूनचा होता. पुढच्याच वर्षी ते अमेरिकन लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले.

तेव्हा मला सांग, तू त्याला का काढलंस? निकाल लागण्याआधी तुझ्याकडे कारण होतं का? चेंडूंचा वेग उतरला होता, हात जड झाला होता, असं काही? असेल तर निर्णय ठीक होता, निकाल वाईट लागला. नुसता धीर सुटला असेल, तर तेही स्वतःशी कबूल कर. त्यातून सुधारता येतं.

दुसरं, त्याला काढताना तू माउंडवर गेलास की डगआउटमधूनच हात केलास? पत्रात हे नाही, आणि मला गोम तिथेच दिसते. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. तो क्षण त्याच्यासाठी किती जड असेल! हरल्याबद्दल माफी मागू नकोस. न बोलता काढलं असेल, तर त्याची माग.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हजेरी आणि गुण घसरत असतील तर आधी ते सावर. पण खेळणं सुटलं म्हणून वाट बंद होत नाही. स्पार्की अँडरसन मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, अवघा एक हंगाम खेळले, मॅनेजर म्हणून तीन वर्ल्ड सिरीज जिंकले. आणि हरण्याचं म्हणशील, तर मॅनेजर म्हणून कॉनी मॅक यांच्या नावावर 3,731 विजय आहेत आणि पराभव 3,948. (संघात त्यांची मालकीही होती, त्यामुळे त्यांना काढणार कोण, हा भाग वेगळा!)

प्रवेशाच्या अर्जात ‘नेतृत्वगुण आहेत’ असं लिहू नकोस; ते सगळेच लिहितात. किती खेळाडू सांभाळलेस, निवडीत तुझा शब्द किती चालायचा, सरावाच्या वेळा कशा बसवल्यास, ते लिही. मुलाखतीत चुकलेल्या निर्णयाबद्दल हमखास विचारतात आणि बहुतेक मुलं तिथे चुकीच्या नावाखाली स्वतःची स्तुतीच सांगतात. तू हा सामना सांग, मित्रासकट. स्पोर्ट्स मॅनेजमेंटलाच जायला हवं असं मात्र नाही. तो निर्णय पदवीनंतर घे.

पुढच्या हंगामात एक वही ठेव. पिचर कधी आणि का बदलायचा, हे सामन्याआधी लिहून ठेव आणि नंतर ताडून बघ.

आणि पहिल्या सामन्यात त्याच मित्राला उतरवणार असशील, तर ते त्याला यादीतून कळू देऊ नकोस. स्वतः जाऊन सांग.