पदोन्नतीचे प्रश्न : ज्येष्ठता आधी की गुणवत्ता?

प्रश्न : ग्रामीण बँकेत अधिकारी आहे. वरच्या श्रेणीत 3 जागा होत्या. पदोन्नती ‘ज्येष्ठता-नि-गुणवत्ता’ तत्त्वावर आणि किमान 60 गुण, असा नियम आहे. ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या पाच जणांना अनुक्रमे 64, 58, 71, 62 आणि 88 गुण पडले. मी चौथा, म्हणजे 62 गुणांचा. पहिला, तिसरा आणि पाचवा यांना घेतले. मला ‘गुण कमी पडले’ एवढेच तोंडी सांगितले. दाद मागता येईल का?

येईल, आणि तुमची बाजू भक्कम आहे. नियमात कोणता शब्द आधी आला आहे, यावर सगळे ठरते. ‘ज्येष्ठता-नि-गुणवत्ता’ म्हणजे कामाला लागणारी किमान गुणवत्ता आहे की नाही एवढे पाहायचे, आणि जे ती चाळणी पार करतील त्यांना ज्येष्ठतेच्या क्रमाने घ्यायचे. तुमच्या यादीत दुसऱ्याचे 58 गुण, तो गळाला. उरले पहिला, तिसरा, चौथा. तीन जागा तिथेच भरल्या. पाचव्याचे 88 गुण कौतुकाचे खरे, पण त्याची पाळीच आली नव्हती. नियम ‘गुणवत्ता-नि-ज्येष्ठता’ असता तर मात्र 88, 71, 64 असाच क्रम लागला असता आणि तुम्हाला बोलायला जागा उरली नसती.

बी. व्ही. सिवय्या प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले, आणि तो वादही ग्रामीण बँकांमधलाच होता. किमान गुण ठेवायला, मुलाखत आणि कामाच्या अहवालाला गुण द्यायला हरकत नाही. किमान गुण मिळवलेल्यांची पुन्हा गुणानुक्रमे यादी करणे मात्र या तत्त्वात बसत नाही. बँका इथे हमखास चुकतात. सेवेच्या वर्षांनाही काही गुण देतात, बेरीज करतात, वरून तिघे उचलतात आणि म्हणतात, ज्येष्ठता धरली की! बेरजेत मिसळलेली ज्येष्ठता ही ज्येष्ठता राहत नाही, तो गुणवत्तेचाच एक रकाना होतो.

आता काय करायचे? पदोन्नती धोरणाची तुमच्या वर्षाला लागू असलेली प्रत मिळवा, कारण ही धोरणे अधूनमधून बदलतात. माहिती अधिकारात (शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस) चार गोष्टी मागा : किमान गुण ठरवणारे परिपत्रक, अंतिम ज्येष्ठता यादी, तुमचे घटकनिहाय गुण आणि निवड समितीचे इतिवृत्त. सहकाऱ्याचे गोपनीय अहवाल मागू नका. ती वैयक्तिक माहिती ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली म्हटले आहे, आणि त्या एका मागणीपायी अख्खा अर्ज रखडतो. मग लेखी निवेदन द्या. ते फेटाळले तर उच्च न्यायालयात रिट याचिका. याचिकेत पाचव्या क्रमांकाच्या सहकाऱ्याला प्रतिवादी करायला विसरू नका. ज्याची पदोन्नती जाऊ शकते त्याला न ऐकता न्यायालय आदेश देत नाही, आणि एवढ्या एका चुकीने चांगल्या याचिका पडतात. संबंध बिघडतील म्हणून मन कचरते हे समजते. पण प्रतिवादी करणे म्हणजे त्याच्यावर आरोप करणे नव्हे.

प्रश्न : केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. कामाच्या वार्षिक अहवालांपैकी पाच वर्षांतले चार ‘अतिउत्तम’, एका वर्षी 5.8 गुण आले. त्या एका वर्षामुळे अडेल का?

केंद्राच्या मोजणीत 4 ते 6 च्या आतले गुण ‘उत्तम’ आणि 6 ते 8 च्या आतले ‘अतिउत्तम’. तुमच्या वरच्या पदाला ‘अतिउत्तम’ ही कसोटी असेल तर 0.2 गुणांसाठी अडू शकते. पदोन्नती समिती केवळ शेरा पाहून थांबायला बांधलेली नाही, तिने आपला अंदाज स्वतः बांधायचा असतो. पण त्या भरवशावर राहू नका.

अहवाल मिळाल्यापासून निवेदनाला 15 दिवस मिळतात. हे दिवस वाया जातात ते बहुधा ‘साहेब नाराज होतील’ या भीतीने. 2008 च्या देव दत्त निकालापासून प्रत्येक शेरा, अगदी ‘उत्तम’सुद्धा, कळवणे बंधनकारक आहे आणि 2013 साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्का मारला. तुमचा तो अहवाल कळवलाच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही. आधी प्रत मागा. निवेदनात ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही. कोणत्या रकान्यात किती गुण, त्या वर्षीचे ठरलेले काम किती, पुरे किती केले, कोणत्या पत्राने कळवले, असे तारखांसह लिहा. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली तुम्ही किमान 3 महिने होता का, हेही तपासा.

प्रश्न : माझ्याविरुद्ध प्राथमिक चौकशी चालू आहे. पदोन्नतीचे पाकीट मोहोरबंद ठेवल्याचे कळते.

पाकीट मोहोरबंद ठेवणे म्हणजे समितीचा तुमच्याबद्दलचा निर्णय चौकशी संपेपर्यंत न उघडता बंद ठेवणे. नुसत्या प्राथमिक चौकशीवर तसे करता येत नाही. जानकीरामन प्रकरणापासून (1991) हे पक्के आहे. केंद्राच्या 1992 च्या आदेशानुसार निलंबन, जारी झालेले दोषारोपपत्र किंवा फौजदारी खटला, यांपैकी एक तरी हवे. दोषारोपपत्राची तारीख आणि समितीच्या बैठकीची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौकशी रेंगाळली तर पहिल्या बैठकीपासून 2 वर्षांनी तदर्थ (तात्पुरत्या) पदोन्नतीचा विचार करावा, असेही त्याच आदेशात आहे; तो मागून घ्यावा लागतो.

प्रश्न : राज्य शासनात अभियंता आहे. 2014 ला तात्पुरती पदोन्नती, 2018 ला नियमित. 2016 ला सरळसेवेने (थेट भरतीने) आलेले सहकारी यादीत माझ्या वर आहेत.

या वादाचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्या अभियंत्यांचाच आहे. 1990 साली घटनापीठाने सांगितले की नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, कायम झाल्याच्या तारखेपासून नव्हे. मात्र नियम डावलून, तोवरची सोय म्हणून केलेली नेमणूक त्यात धरत नाहीत. म्हणून 2014 चा आदेश काढून शेवटचा परिच्छेद वाचा. ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात, सेवाज्येष्ठतेचा हक्क राहणार नाही’ अशी ओळ असेल तर वाट अवघड आहे. तेव्हा पदोन्नतीच्या कोट्यात जागा रिकामी होती, समितीची बैठक झाली होती आणि तुम्ही पात्र होता, हे तिन्ही दाखवता आले तर दावा उभा राहतो.

मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायची मुदत अंतिम आदेशापासून 1 वर्ष. निवेदनाला उत्तरच आले नाही तर 6 महिने थांबून त्यापुढे 1 वर्ष. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवून ही मुदत वाढत नाही. तात्पुरत्या ज्येष्ठता यादीवर हरकत घेतली होती का, हा पहिला प्रश्न तिथे विचारला जातो. पोच घेतलेली प्रत शोधून ठेवा.